भरल्या गाडीनं वैशाखरे

कल्याणहून माळशेजकडे जाताना पुढच्या गाडीची मागची चाकं बघत राहायची मला खोड लागली आहे. टायर आणि वरचा मडगार्ड यांच्यात किती फट उरली आहे, यावरून आत काय भरलं असेल याचा अंदाज बांधायचा. पहाटे कल्याणच्या बाजाराकडे निघालेले भाजीचे पिकअप बुडावर बसलेले असतात; दुपारी तेच पिकअप रिकाम्या हौद्यानं खडखडत, प्रत्येक गतिरोधकावर टणाटण उडत परततात. खडीचे डंपर, विटांचे ट्रक, एसटी, लग्नाच्या वऱ्हाडानं ठासलेली क्रूझर, सगळ्यांची मागची चाकं काहीतरी सांगत असतात. मुरबाडला अजून रेल्वे पोचलेली नाही. आश्वासनं पोचली, सर्वेक्षणं पोचली, निवडणुकीच्या सभांत तर ती कित्येकदा धावूनही गेली. तोवर या तालुक्यात येणारं-जाणारं सगळं ओझं टायरांवरून जातं. भिवंडी-कल्याणहून निघून मुरबाड, माळशेज, आळेफाटा, अहिल्यानगर करत थेट तेलंगणातल्या निर्मलपर्यंत जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ६१. आमच्या वयाच्या माणसांच्या तोंडात अजून त्याचा जुना आकडा, २२२, बसलेला आहे.

या रस्त्यावर टोकावडे मागे पडलं की वैशाखरे येतं. कल्याणपासून साठेक किलोमीटर. घाईच्या माणसाला ते दिसतही नाही. त्याची नजर समोरच्या सह्याद्रीच्या भिंतीवर आणि माळशेजच्या धबधब्यांवर असते. डोंगरात फिरणाऱ्यांना मात्र वैशाखरे पाठ असतं, कारण नाणेघाटाची पायवाट गावाच्या जरा पुढून फुटते. आमचा डोंबिवलीचा डोंगरवेड्यांचा गट दर हिवाळ्यात शाळकरी मुलांचं शिबिर इथं भरवतो. भात कापून झाल्यावर मोकळ्या झालेल्या खाचरात तंबू, एक दिवस कातळावर दोराचे धडे, एक दिवस नाणेघाट. मुलं बसनं येतात. सामान आमच्या जुन्या फोर बाय फोर बोलेरोत येतं, आणि महामार्ग सोडल्यावर खाचरापर्यंतची वाट ही बैलगाडीची चाकोरी आहे. मध्ये एक ओढा, दोन बांध आणि उन्हानं विटेसारखी भाजलेली ढेकळं.

शिबिराचं सामान कागदावर किरकोळ दिसतं. गाडीत भरायला लागलं की खरं रूप कळतं. अकरा मिलिमीटरचा दोर मीटरला पाऊणशे ग्रॅमच्या वरच भरतो. दोनशे मीटर घेतला की पंधरा-सोळा किलो झाले, तो भिजला की आणखी. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो, पण टाकीचंच वजन पंधरा-सोळा किलो, म्हणजे भरलेला सिलिंडर तीस किलोचा. असे दोन. पातेली, झारे, शेगडी, तांदळाचं पोतं, डाळ, बटाटे. तंबू, सतरंज्या, प्रथमोपचाराची पेटी, स्ट्रेचर, जनित्र. कॅराबिनरच्या पिशव्या लहान असतात आणि उचलताना खांदा निखळेल की काय असं वाटतं. या सगळ्यांवर पाणी. वीस लिटरचे दहा जार म्हणजे दोनशे किलो, वर जारचं वजन वेगळं.

आणि माणसं? माणसांना कुणीच वजनात धरत नाही. सामानाची यादी करणारा मुलगा मीठ-मोहरीही लिहितो, पण गाडीत बसणाऱ्या पाच जणांचे सव्वातीनशे किलो त्याच्या यादीत कधीच नसतात. आरसीवर दोन आकडे छापलेले असतात, गाडीचं रिकामं वजन आणि भारासकट जास्तीत जास्त वजन. या दोहोंतल्या फरकात ड्रायव्हरसकट सगळं बसवायचं असतं. बहुतेकांनी हे आकडे गाडी घेतली त्या दिवशीही वाचलेले नसतात.

आदल्या हंगामात ओढ्याच्या उतारावर मागच्या डाव्या बाजूच्या स्प्रिंगचा मेन पाटा तुटला. तोही अगदी टोकाला, जिथं तो गोल वळून बुशमध्ये अडकतो तिथं. खालच्या दुसऱ्या पाट्याचं टोक त्याच्यावर अर्धवट वळवलेलं असतं, त्यानं एक्सल धरून ठेवला म्हणून निभावलं. सामान पोरांनी डोक्यावरून खाचरात नेलं आणि गाडी रांगत मुरबाडला आली. त्यानंतर गटात ‘सस्पेन्शन’ हा शब्द रोज ऐकू येऊ लागला. ज्यानं त्यानं मोबाइलवर काही ना काही पाहिलेलं होतं. एकाचं म्हणणं परदेशी किट आणा. दुसऱ्याचं म्हणणं एअर बॅग बसवा, आत हवा भरली की शेपूट वर. तिसऱ्यानं नवी थार घेतली होती, तो म्हणाला पाट्यांची गाडीच विका.

त्याच्या म्हणण्यात इतिहास होता, हे मान्य. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा तिला चारही कोपऱ्यांत पाटेच होते. २०१० मध्ये आलेल्या थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते. २०२० च्या थारला मागेही कॉइल स्प्रिंगा आल्या. गाडी मऊ झाली, वळणावर शहाणी झाली. पण मुरबाडच्या रस्त्यावर ओझं वाहणारा पिकअप घ्या, टेंपो घ्या, ट्रक घ्या, मागे अजून पाटेच असतात. कारण सोपं आहे. पाटा दोन कामं एकट्यानं करतो, भारही पेलतो आणि एक्सललाही जागेवर धरून ठेवतो. कॉइलला एक्सल धरायला वेगळे दांडे लागतात. शिवाय पाट्यांच्या चळतीतला एक पाटा तुटला तर बाकीचे घरी पोचवतात, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी त्याचं काम करणारा कमानवाला मिळतो.

आम्ही भिवंडीच्या बाजूच्या एका कमानवाल्याकडे गेलो. गोदामांचं गाव, ट्रकांची दाटी. पाट्यांचं काम बघायचं तर अशा ठिकाणी. पत्र्याची शेड, दारात तुटक्या पाट्यांचा ढीग, मध्यभागी खाच पाडलेली ऐरण. दोन पोरं समोरासमोर उभी राहून पाट्यावर आळीपाळीनं घण घालत होती आणि म्हातारा मिस्त्री दर दोन-चार घावांनंतर पाटा उचलून, एक डोळा मिटून त्याची कमान बघत होता. बसलेल्या पाट्याला असा घण मारून पुन्हा वाक देतात. काम स्वस्तात होतं. पण पाटा बसतो तो पोलाद थकल्यामुळे, आणि घणानं आकार परत येतो, दम परत येत नाही. हे मिस्त्रीनंच सांगितलं, तेही आम्ही न विचारता, आणि स्वतःच्याच धंद्याविषयी.

मी म्हटलं, “मिस्त्री, मागे दोन-दोन पाटे वाढवायचे आहेत.”

“भार किती?”

“आहे बऱ्यापैकी.”

“बऱ्यापैकीचा पाटा येत नाही, शेठ. गाडी भरून आणा.”

आणि खरोखर त्यानं परत पाठवलं. आम्ही डोंबिवलीला येऊन शिबिराचं सगळं सामान भरलं, पाच माणसं बसवली आणि पुन्हा भिवंडी गाठली. त्यानं टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांत माप घेतलं. मग सगळं उतरवायला लावून पुन्हा तीच मापं घेतली. पुढची बाजू भरल्यावर वर उचलली जात होती. मागची इतकी खाली जात होती की धक्क्याला थांबवणाऱ्या रबरापर्यंत जेमतेम दोन बोटं उरत होती. मग त्यानं जो प्रश्न विचारला, तो कुठल्याही किटच्या जाहिरातीत मी वाचला नाही.

“वर्षातले किती दिवस गाडी भरलेली असते आणि किती दिवस रिकामी?”

पाट्यांचं सगळं गणित या प्रश्नाच्या उत्तरावर उभं असतं. पाट्याचा ताठरपणा त्याच्या रुंदीबरोबर सरळ वाढतो, जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात वाढतो. सहा मिलिमीटरचा पाटा आठचा केला तर वाढ दिसायला दोन मिलिमीटरची असते आणि ताठरपणा दुपटीहून जास्त होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणून “एकच जाड पाटा टाका” असं म्हणणाऱ्याच्या गाडीत भार नसताना पाठीचे मणके मोजता येतात. रोज विटा वाहणाऱ्या गाडीला ते चालतं. आमची बोलेरो बाराही महिने कुणाला दवाखान्यात ने, कुणाला स्टेशनवर सोड अशी कामं करते. मिस्त्रीनं थकलेले पाटे बदलले, मधल्या फळीत एकच बेताचा पाटा वाढवला आणि सगळ्यांत खाली एक सरळ, जाड हेल्पर टाकला. हा हेल्पर रिकाम्या गाडीत नुसता खाली असतो, भार चढून वरचे पाटे सपाट होऊ लागले की मग ते त्याला टेकतात आणि तो कामाला लागतो. पिकअपला कारखान्यातूनच अशी सोय येते.

एअर बॅगचं नाव काढल्यावर मिस्त्री हसला नाही, ही त्याची सभ्यता. पाट्यांची कमान चासीला दोन टोकांना धरलेली असते, भार त्या दोन जागी वाटला जातो. हवेची पिशवी चासी आणि एक्सल यांच्यामध्ये एकाच जागी बसते. मागे लांबवर जड सामान ठेवलं आणि खड्ड्यात गाडी आदळली की सगळा मार चासीच्या त्या एका बिंदूवर. चासी वाकलेल्या गाड्या त्यानं पाहिल्या होत्या. कॉइलच्या गाडीला, आरसीतल्या भाराच्या आत राहून, कधीमधी थोडा आधार हवा असेल तर पिशवी वाईट नाही, असं माझंही मत झालं आहे. जास्त भरता यावं म्हणून कुणी ती बसवत असेल तर त्यानं चासीची किंमत आधी विचारून ठेवावी. एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून गाडी उंच करणाऱ्यांचं तर कौतुकच वाटतं. गाडी फोटोत छान दिसते आणि भार पेलण्याची ताकद होती तेवढीच राहते.

शॉकअप नवे घातले, कारण ताठ पाटा दबल्यावर परत उसळतोही जोरात आणि ती उसळी आवरणं हे शॉकअपचं काम. शॉकअप भार उचलत नाही. अर्ध्या महाराष्ट्राला उलटं वाटतं. गाडी बसली की लोक शॉकअप बदलून येतात आणि गाडी बसलेलीच राहते. खराब रस्त्यावर तासभर आपटत राहिलं की आतलं तेल तापून फेसाळतं आणि शॉकअप असून नसल्यासारखा होतो. नायट्रोजन भरलेल्यांत फेस कमी होतो, म्हणून ते घेतले. जास्तीच्या पैशांपैकी मला पटलेले हे एवढेच.

निघायच्या दिवशी मुरबाडच्या अलीकडे एका वजनकाट्यावर गाडी चढवली. औद्योगिक वसाहतीमुळे आणि खडीमुळे या भागात काट्यांना तोटा नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या एक्सलवरचा भार कळतो. चहाच्या पैशांत होणारं हे काम, पण हजारो रुपयांचे पाटे टाकणारे ते करत नाहीत. गाडी आता डोळ्यांना सरळ दिसत होती, शेपूट वर होतं, सगळे खूश होते. काट्याला मात्र पाट्यांशी घेणं-देणं नसतं. एकूण वजन आरसीतल्या आकड्याच्या पुढे होतं.

पाटे वाढवल्यानं गाडीची ऐपत वाढत नाही, हे वाक्य गटातल्या पोरांना तिथं काट्याशेजारी उभं राहून ऐकवावं लागलं. ब्रेक तेच, टायर तेच, चाकांची बेअरिंगं तीच, चासी तीच. आणि कायदाही तोच: मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेल्या, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं जादा भाराला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड ठेवला आहे, आणि जादा माल तिथंच उतरवून ठेवावा लागतो तो वेगळा. काट्यावर आमच्यातले दोघं उतरले आणि मागून येणाऱ्या एसटीत बसले. दहापैकी आठ जार काट्यावरच्या बागेत रिकामे केले. काटेवाल्याची बोगनवेल त्या दिवशी बिसलरीच्या थाटात न्हाली.

पाणी नेण्यातला विनोद या भागात जास्तच झोंबतो. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. मुंबईची तहान तिथून भागते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पावसात इथं आभाळ फाटतं आणि एप्रिलमध्ये हंड्यांच्या रांगा लागतात. हिवाळ्यात मात्र वैशाखऱ्याच्या आसपास विहिरींना पाणी असतं. ते मागून घ्यावं, उकळून घ्यावं.

मुरबाड सोडलं की रस्ता मोकळा होतो. सरळगाव येतं, डाव्या-उजव्या अंगाला भेंडी आणि काकडीचे हिरवे चौकोन दिसू लागतात, भाताचे भारे रचलेली खळी येतात. टोकावड्याच्या पुढे डोंगर इतके जवळ येतात की गाडीच्या काचेत मावत नाहीत. नाणेघाटाचा अंगठा, तो उभा सुळका, दुरूनच ओळखू येतो. पुढे मोरोशीचा भैरवगड, कातळाची सरळ उभी भिंत. ती पाहिली की डोंगरातली पोरं गप्प होतात. नवखी मोबाइल काढतात.

वैशाखऱ्याच्या पुढे आम्ही चाकोरीला लागलो. ओढ्यात उतरताना गाडी आदळली नाही, कुठं लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाज आला नाही. मिस्त्रीचं काम चोख होतं. पण ओढा चढताना स्टिअरिंग हातात हलकं लागलं. पुढची चाकं जमिनीवर असून जमीन धरत नव्हती, ढेकळांवरून हवी त्या दिशेला सरकत होती. ज्यांच्या खाचरात शिबिर असतं ते बाबा बांधावर बसून आमचं येणं बघत होते. वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी कधी गाडी चालवलेली नाही. बैल मात्र आयुष्यभर हाकले. मुरबाडजवळच्या म्हसाच्या यात्रेतून, पौषातल्या त्या बैलबाजारातून, कितीतरी जोड्या निवडून आणल्या.

“उलाळ झालीय गाडी तुमची,” ते बसल्या जागेवरून म्हणाले. “वझं पुढं घ्या.”

बैलगाडीला स्प्रिंग नसते. तिचा सगळा तोल आखावर असतो. आखाच्या मागे भार जास्त गेला की धुरा वर उचलतो आणि जोत्यानं बैलाचा गळा आवळतो, ती उलाळ. पुढे जास्त गेला की ओझं मानेवर येऊन बैल बसतो, ती धुरजड. गाडी भरणारा शेवटचं पोतं मागे-पुढे सरकवून, जू हातानं उचलून बघतो, मग बैल जुंपतो. वजनकाटा नसलेल्या माणसाची ही तोल बघायची रीत.

आमच्या गाडीत काय झालं होतं तेही सांगतो, कारण यात नुसता अनुभव नाही, गणितही आहे. बोलेरोच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २६८० मिलिमीटर. मागच्या एक्सलच्याही मागे ऐंशी सेंटिमीटरवर, म्हणजे दाराशी, शंभर किलो ठेवले तर मागच्या एक्सलवर शंभर वाढत नाहीत, एकशेतीस वाढतात. वरचे तीस पुढच्या चाकांवरून उचलले जातात. स्टिअरिंग हलकं होतं ते त्यामुळे, आणि रात्री समोरचे ड्रायव्हर शिव्या घालतात तेही त्याच कारणानं, दिव्यांचा झोत त्यांच्या डोळ्यांत जातो. त्यात स्टेपनी दाराला टांगलेली. सिलिंडर, जनित्र, तांदूळ हे सगळं आम्ही काढायला सोपं म्हणून दाराशीच रचलं होतं आणि तंबू, सतरंज्या ही फुगीर, हलकी चीजवस्तू पुढच्या सीटमागे. बाबांनी समोर उभं राहून सगळं उलटं करून घेतलं. जड ते सीटच्या पाठीला चिकटून, खाली, फळीला बांधून. हलकं ते मागे आणि वर. कॅरियरवरचं स्ट्रेचर सोडून बाकी सगळं खाली. छतावर ठेवलेलं ओझं गाडीला उंच करतं आणि आडव्या उतारावर ती उंची महागात पडते.

पुढचा बांध तीच गाडी, तेच पाटे, तेच सामान घेऊन शांतपणे चढली.

तिसऱ्या दिवशी नाणेघाट. पोरांच्या पाठीवर पाणी आणि डबे, मोठ्यांच्या पाठीवर दोर आणि प्रथमोपचार. रानातून वाट चढू लागते. सुरुवातीला रमत-गमत, मग दगडी फरसबंदी लागते, पायऱ्या लागतात, कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतात. दोन-अडीच तासांत माणूस वरच्या नळीत पोचतो. सोपारा, कल्याण ही बंदरं आणि जुन्नर, पैठण या घाटावरच्या पेठा यांना जोडणारा हा रस्ता. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इथून लादलेली जनावरं चढली-उतरली, आणि त्यांच्यासाठी इथं केलेल्या सोयी बघितल्या की आपल्या महामार्गांबद्दल दोन शब्द बोलावेसे वाटतात. चढ तोडून पायऱ्यांचे टप्पे केलेले आहेत, मध्ये दम खायला जागा आहेत, पाणी वाटेवरच आहे. बैलाच्या पाठीला स्प्रिंग लावता येत नव्हती. म्हणून भार लहान-लहान करून अनेक पाठींवर वाटला आणि उरलेली मेहनत रस्त्यावर घेतली.

वरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या आकृती होत्या, आता त्यांची नावं आणि पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत. लेखात यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या दानांची यादी आहे: गाई, हत्ती, घोडे, कार्षापणं, हजारांच्या हिशेबानं. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासला तो विशेष करून त्यातल्या आकड्यांसाठी. भारतात कोरलेल्या सर्वांत जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते. पोरांना मी लेखातले अंक दाखवायचा प्रयत्न केला. त्यांना जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण जास्त आवडला. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, बैलावर किती ओझं आहे हे जकातवाल्याला कसं कळायचं? मी म्हटलं, चाकं नव्हती, पण पाय होतेच की बघायला.

शिबिराचा शेवटचा मुक्काम वर, घाटघरच्या पठारावर असतो, समोर जीवधन. पायी अडीच तासांचा पल्ला, पण स्वयंपाकघर गाडीनंच न्यावं लागतं आणि तिला माळशेज चढून, मढच्या पुढे जुन्नरच्या अंगानं लांबचा वळसा घालून यावं लागतं. माळशेज चढताना गाडीनं तक्रार केली नाही. खरी परीक्षा उतरताना असते. बऱ्याच गाड्यांत मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी गेलेली असते. भारानं गाडी मागे जितकी दबते, तितका तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला तेलाचा दाब जास्त सोडतो. रिकामी असेल तर कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी घसरत नाही. आता पाटे वाढवून शेपूट वर केलं की गाडी भरलेली असूनही व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते. मागचे ब्रेक अर्धवट काम करतात, पुढच्यांवर सगळा ताण येतो आणि माळशेजच्या उतारावर ते तापतात. किट विकणारे हे क्वचितच सांगतात. आमच्या मिस्त्रीनं गाडी सोडण्यापूर्वी खाली झोपून त्या दांडीचं माप नव्या उंचीप्रमाणे बसवून घेतलं होतं, आणि ब्रेकचा रबरी पाइप चाक पूर्ण लोंबकळल्यावर ताणला जात नाही ना, तेही जॅक लावून बघितलं होतं. परतीच्या वाटेवर बोगदा ओलांडून खाली येताना, चढलो त्याच गिअरमध्ये उतरलो. पायथ्याशी मोरोशीला थांबून चाकांना हात लावून पाहिलं. पुढची आणि मागची सारखीच गरम होती.

ज्यांना अशी गाडी करून घ्यायची आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच: पैसे खर्च करायचा क्रम बदला. आधी काटा, मग सामानाची छाटणी, मग जड सामान पुढे घेणं, मग टायरची हवा भरलेल्या गाडीसाठी दारावरच्या तक्त्यात दिलेली असते तेवढी करणं, आणि एवढं करूनही मागची बाजू रबरावर बसत असेल तर कमानवाला. पाट्यांचं काम केलंत तर पाचेकशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला विसरू नका. नवे पाटे एकमेकांवर बसतात, यू-बोल्ट सैल पडतात, आणि मग सगळ्या ओढाताणीचा भार मधल्या एका सेंटर बोल्टवर येऊन तो तुटतो. आवळायला कुठल्याही गॅरेजात दहा मिनिटं लागतात.